पाटी, पडदा आणि चित्र

पेण शहर सोडून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की थोड्याच वेळात वडखळचा नाका लागतो. त्याच्या जवळच, धरमतर खाडीच्या काठी, डोलवी हे गाव आहे. हा मुलूख मूळचा खारजमिनीतील भातशेतीचा आणि मिठागरांचा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथे पोलादाचा प्रचंड कारखाना उभा राहिला, आणि तेव्हापासून या रस्त्यावर मालमोटारींची रांग सहसा खंडित होत नाही. या मालमोटारींकडे कधी तुम्ही नीट निरखून पाहिले आहे काय? कोणाच्या पाठीवर कमळ फुललेले असते, कोणाच्या दारावर गरुडाने पंख पसरलेले असतात, तर कोठे डोंगरामागून सूर्य उगवत असतो. आणि त्या सर्वांच्या मध्यभागी ठसठशीत अक्षरांत 'हॉर्न ओके प्लीज' ही विनंती असते. ही चित्रे कोणी काढली? चित्रकाराचे नाव तेथे बहुधा नसते. असलेच तर एखाद्या कोपऱ्यात, बोटभर जागेत.

हा जो अनामिक मनुष्य, त्याला आपण 'पेंटर' म्हणतो. दुकानाची पाटी, शाळेच्या भिंतीवरील सुविचार, नाटकाचा पडदा, निवडणुकीची घोषणा, पाण्याच्या टाकीवरील सूचना, जे कोणी सांगेल ते तो रंगवून देतो आणि ठरलेली मजुरी घेतो. परंतु यांपैकी कित्येकांच्या घरी, ट्रंकेत किंवा माळ्यावर, आणखी काही चित्रे असतात. ती कोणी सांगितलेली नसतात आणि त्यांचे पैसेही कोणी दिलेले नसतात. एकाच हाताने दोन प्रकारचे काम करावयाचे, एक गिऱ्हाइकासाठी आणि दुसरे स्वतःसाठी, ही तारेवरची कसरत महाराष्ट्रातील अनेक चित्रकारांनी केली आहे. ती कशी असते, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

प्रथम पाटीचेच काम पाहू. पाटी रंगवणे दिसते तितके सोपे नाही. पत्र्यावर किंवा फळीवर आधी अस्तराचा हात द्यावा लागतो. तो वाळल्यावर खडूची पूड लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरतात आणि मध्ये चिमटीने उचलून सोडतात. क्षणार्धात पत्र्यावर सरळ रेघ उमटते. या रेघांच्या आधारे अक्षरे मांडावयाची. रोमन लिपीतील मोठी अक्षरे दोन रेघांच्या मध्ये निमूटपणे बसतात. आपल्या देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार यांना जागा हवी. खाली उकारांना जागा हवी. मधल्या पट्टीत 'द्ध' किंवा 'ष्ट्र' यांसारखी जोडाक्षरे आली, तर त्यांचीही सोय पाहावी लागते. ज्याने आधी विचार केला नाही, त्याची पाटी डावीकडे ऐसपैस आणि उजवीकडे दाटीवाटीने उभी, अशी होते. म्हणून अनुभवी पेंटर अक्षरे आधी मनात मोजतो, मधले अक्षर पाटीच्या मध्यावर धरतो आणि मग दोन्ही बाजूंना पसरत जातो. हात थरथरू नये म्हणून तो डाव्या हातात एक काठी आडवी धरतो आणि तिच्यावर उजवे मनगट टेकवून एका दमात कुंचला ओढतो. रेघ अर्ध्यात तुटली, तर जोड दिसतोच.

इतके सर्व कौशल्य ओतूनही त्या पाटीत पेंटरचे स्वतःचे असे किती असते? मजकूर दुकानदाराचा, रंग दुकानदाराच्या आवडीचा. पाटीत जरा नवेपण आणावे म्हटले, तर 'शेजाऱ्याच्या पाटीसारखीच करून दे' असे उत्तर येण्याचा संभव अधिक. आणि दुकानदाराचेही अगदीच चुकते असे नाही. पाटी दुरून वाचता आली पाहिजे. ती कोड्यात बोलू लागली, तर गिऱ्हाईक पुढे निघून जाईल.

डोलवीच्या आसमंतात या प्रश्नाचे आणखी एक रूप पाहावयास मिळते. पेण आणि त्याच तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. साच्यातून निघालेल्या शेकडो मूर्ती कारखान्यांत ओळीने मांडलेल्या असतात. अंगाचा रंग, पितांबर, मुकुट, दागिने ही कामे वेगवेगळे कारागीर करतात. परंतु डोळ्यांची आखणी मात्र कोणाच्याही हाती देत नाहीत. ती निष्णात हातानेच करावयाची असते. बारीक कुंचल्याने भुवई, पापणी आणि बुबुळ रेखाटले, की माती पाहू लागते. चतुर्थी जवळ आली म्हणजे हेच काम त्याला रात्रंदिवस, एकसारखे करावे लागते. शंभराव्या मूर्तीचे डोळेही पहिल्या मूर्तीइतकेच जिवंत उतरले पाहिजेत. कारण ती ज्या घरी जाणार, त्या घराच्या दृष्टीने ती पहिलीच आणि एकमेव मूर्ती असते. कारागिराला स्वतःच्या कल्पनेची मूर्ती घडवावयाची असेल, तर तिची पाळी हंगाम सरल्यावरच.

आता या वाटेने गेलेल्या दोन थोर चित्रकारांची हकीकत ऐका.

त्यांपैकी एक मकबूल फिदा हुसेन. त्यांचा जन्म 1915 साली पंढरपूर येथे झाला. आई लहानपणीच वारली. बालपण पुढे इंदूर येथे गेले. चित्रकार होण्याच्या ईर्ष्येने हा तरुण मुंबईस आला, परंतु मुंबईत चित्रे काढून पोट भरणे सोपे नव्हते. तेव्हा त्याने चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवण्याचे काम पत्करले. दर होता चौरस फुटास अवघे चार ते सहा आणे. आता हिशोब करून पाहा. सहा फूट रुंद व दहा फूट उंच फलक म्हणजे साठ चौरस फूट. चार आण्यांच्या दराने दोनशे चाळीस आणे झाले. आणि रुपयाचे आणे सोळा, म्हणजे एका फलकाचे पंधरा रुपये! नट-नटीचा माणसापेक्षा मोठा चेहरा, मागे आगीचे लोळ, खाली चित्रपटाचे नाव, आणि हे सारे पंधरा रुपयांत.

असा फलक कसा रंगवतात, हे समजून घेण्यासारखे आहे. चित्रपट कंपनीकडून एक लहानसे छायाचित्र मिळते. त्यावर पेन्सिलीने सारख्या मापाचे चौकोन आखतात. तितकेच चौकोन, परंतु मोठे, कापडावर आखतात आणि छायाचित्रातील एकेका चौकोनात जे दिसते ते कापडावरील त्याच चौकोनात मोठे करून उतरवतात. इंचाचा फूट होतो. यातील अडचण अशी, की रंगवणारा कापडाच्या इतका जवळ असतो की त्याला पूर्ण चेहरा दिसतच नाही. समोर दिसतो तो केवळ हातभर लांबीचा ओठ किंवा थाळीएवढा डोळा. बरोबर झाले की नाही, हे पाहण्यासाठी शिडीवरून उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहावे लागते. पुन्हा यावे, पुन्हा शिडी चढावी. बारीकसारीक तपशील दुरून दिसत नाहीत, म्हणून ते सोडून द्यावयाचे आणि एकाच दमदार फटकाऱ्यात नाक, गाल, हनुवटी उभी करावयाची, ही सवय या कामातूनच लागते.

हुसेन यांनी या कमाईचे काय केले? थोडे पैसे गाठीस जमले, की ते सुरत, बडोदे, अहमदाबाद या बाजूस निघून जात आणि तेथील निसर्गदृश्ये रंगवीत. पैसे संपले, की पुन्हा मुंबई आणि पुन्हा फलक. मला त्यांच्या चरित्रातील हा भाग त्यांच्या पुढील कीर्तीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. कारण कीर्ती मिळाल्यावर स्वतःची चित्रे काढणे कोणालाही सुचेल. परंतु चार आणे चौरस फुटाच्या मजुरीतून स्वतःच्या चित्रासाठी दिवस विकत घेणे, यास निराळी जिद्द लागते. पुढे 1941 च्या सुमारास त्यांना फर्निचरच्या व्यवसायात काम मिळाले. लहान मुलांच्या खोल्यांतील सामानाचे आणि खेळण्यांचे आराखडे ते तयार करीत. 1947 साली त्यांचे 'सुनहरा संसार' हे चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात झळकले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या तरुण चित्रकारांच्या मंडळात ते सामील झाले. 1955 मध्ये 'जमीन' या चित्रास ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यांच्या चित्रांतील घोडे पाहा. मान, पाठ, उधळलेले पाय, सारे मोजक्या रेषांत. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर न बिचकता रेघ ओढण्याचे बळ त्या हातात कोठून आले, हे फलकांची हकीकत ठाऊक असणाऱ्यास निराळे सांगावयास नको. 2011 साली लंडन येथे त्यांचे निधन झाले.

दुसरी हकीकत याहून जुनी आहे, आणि तिच्यात गुंतागुंतही अधिक आहे. ती कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांची.

बाबूरावांचे मूळ आडनाव मिस्त्री. त्यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. त्यामुळे हत्यारांची ओळख मुलाला घरातच झाली. कोणत्याही कलाशाळेत न जाता बाबूराव चित्रे काढण्यास व मूर्ती घडवण्यास शिकले. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हेही तसेच कलावंत. त्या काळी संगीत नाटकांना बहर आला होता आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापूर हे कलावंतांचे माहेरघर झाले होते. नाटक कंपन्यांना पडदे हवे असत: राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा. 1910 ते 1916 या काळात आनंदराव व बाबूराव या बंधूंनी रंगवलेल्या पडद्यांना मोठी मागणी होती. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठीही त्यांनी पडदे रंगवले. लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले आणि पुढे तेच त्यांचे आडनाव होऊन बसले. धंद्याचे नाव माणसाला चिकटते, ते असे.

पडदा रंगवणे म्हणजे सपाट कापडावर खोली निर्माण करणे. प्रेक्षकाला महालाच्या खांबांची रांग दूरवर जाताना दिसली पाहिजे, जरी प्रत्यक्षात पडद्यामागे हातभर अंतरावर भिंतच असली तरी. या कामात बंधूंचा हात इतका बसला होता, की जन्मभर त्यावर सुखाने निर्वाह झाला असता. परंतु 1913 साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट झाला आणि तो पाहून दोघेही बंधू झपाटून गेले. आपण रंगवतो ती चित्रे स्थिर. ही चित्रे चालतात! त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुने प्रक्षेपणयंत्र खरेदी केले. चित्रपट दाखवावे, चार पैसे मिळवावे आणि यंत्राचे मर्म समजून घ्यावे, असा बेत. परदेशी कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा तो स्वतःच बनवण्याचे त्यांनी ठरवले. दुर्दैवाने 1916 साली, काम अपुरे असतानाच, आनंदराव वारले. भावाच्या मागे बाबूरावांनी प्रयत्न सोडला नाही. पडदे रंगवण्याच्या कामात हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले यांच्या साह्याने 1918 मध्ये कॅमेरा पुरा झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात कंपनीचा पहिला मूकपट 'सैरंध्री' प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन गौरवले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या मनुष्याने रंगवलेल्या पडद्यांवर नाव मिळवले, त्याने आपल्या चित्रपटांतून रंगवलेले पडदेच हद्दपार केले. नाटकाच्या दिव्यात जे खरे वाटते, ते कॅमेऱ्यापुढे खोटे दिसते, हे त्याच्या चित्रकाराच्या डोळ्याने ओळखले होते. पडद्याऐवजी त्याने खऱ्या भिंतींचे, खऱ्या खांबांचे आणि पायऱ्यांचे देखावे उभारले. पात्रांचे पोशाख, त्यांचे उभे राहणे, दृश्याची मांडणी यांची रेखाटने तो आधी कागदावर करी.

आता जाहिरातीचा प्रश्न आला. चित्रपट चालावयाचा, तर गावोगावच्या लोकांना त्याची खबर लागली पाहिजे. त्या काळच्या जाहिराती बहुधा केवळ अक्षरांच्या असत. बाबूरावांनी चित्रपटाच्या रंगीत भित्तिपत्रकांवर चित्रे आणली. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही भिंतीवरील चित्र पाहून कथा कोणती, हे कळू लागले. पाटी रंगवणाऱ्याची विद्या येथे पुन्हा कामास आली. भित्तिपत्रकाला रस्त्यावरून जाणाऱ्या मनुष्याची नजर क्षणभर धरून ठेवावयाची असते. प्रदर्शनातील चित्रापुढे उभे राहण्याइतकी उसंत त्याला नसते.

इथपर्यंत धंदा आणि कला ही दोन्ही एकाच गाडीला जुंपलेल्या बैलांप्रमाणे बरोबरीने चालली. परंतु 1925 साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. एका शेतकऱ्याची जमीन लोभी सावकार बळकावतो आणि तो बिचारा गाव सोडून गिरणीत मजुरी करण्यास शहरात जातो. त्यात देव नाहीत, राक्षस नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. आज जाणकार या चित्रपटाला भारतीय वास्तववादी चित्रपटांचा आरंभ मानतात. पण त्या वेळी काय घडले? पुराणकथा व ऐतिहासिक पराक्रम पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही. चित्रपट चालला नाही आणि बाबूरावांना पुन्हा भरजरी पोशाखांच्या कथांकडे वळावे लागले.

'शेजाऱ्याच्या पाटीसारखीच करून दे' असे म्हणणारा दुकानदार आठवतो ना? बाबूरावांच्या बाबतीत तो दुकानदार म्हणजे तिकीट काढून बसलेले हजारो प्रेक्षक होते. त्यांचा राग करण्यात अर्थ नव्हता; कंपनीतील मंडळींचे पगार त्यांच्याच पैशातून होत होते. तथापि बाबूरावांनी ही कथा मनातून काढून टाकली नाही. चित्रपट बोलू लागल्यानंतर, 1936 मध्ये, त्यांनी तीच कथा पुन्हा, या वेळी बोलपटाच्या रूपात, पडद्यावर आणली. एकदा तोटा देऊन गेलेले काम अकरा वर्षांनी पुन्हा हाती घेणारा मनुष्य केवळ व्यापारी असू शकत नाही.

दरम्यान कंपनीचे दिवस फिरले होते. दामले, फत्तेलाल, शांताराम आदी सहकारी बाहेर पडले आणि 1929 साली त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पुढील दोन वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी त्यानंतर काही बोलपट केले, परंतु उत्तरायुष्यात ते पुन्हा रंग, कुंचला आणि शिल्प यांच्याकडे वळले. कोल्हापुरात अनेक तरुण चित्रकार त्यांच्याकडे पाहून तयार झाले. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे देहावसान झाले.

धंद्याचे चित्र आणि मनाचे चित्र हा भेद कलाशाळांनाही पडलेला कोडा होता. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची स्थापना 1857 सालची. परंतु जाहिरातीची कला शिकवणारा स्वतंत्र विभाग तेथे 1935 मध्ये सुरू झाला आणि 1961 मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. एका आवारात दोन शाळा, एकीत चित्रे आणि दुसरीत जाहिराती. सोय म्हणून ही विभागणी योग्यच आहे. पण हुसेन किंवा बाबूराव यांना कोणत्या दारातून आत सोडले असते, हे सांगणे कठीण. पाटीच्या कामाने त्यांच्या हातात बळ आणले, हे खरे. तितकेच हेही खरे, की त्याच कामाने असंख्य चांगले हात साचेबंद करून टाकले. तेच कमळ, तोच उगवता सूर्य वर्षानुवर्षे काढता काढता नवे पाहण्याची शक्ती क्षीण होते. मजुरीचे काम संपल्यावर उरलेल्या थकलेल्या तासात रंगाची डबी पुन्हा उघडणे, हीच यातली खरी कठीण गोष्ट आहे, आणि ती ज्याची त्यालाच करावी लागते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून संगणकावर छापलेल्या फलकांनी हाताने रंगवलेल्या पाट्यांची जागा झपाट्याने घेतली. कित्येक पेंटर दुसऱ्या धंद्यात गेले. काही जण आजही शाळांच्या भिंती, देवळे आणि मालमोटारी रंगवतात.

बाबूरावांच्या कंपनीने काढलेल्या बहुतेक मूकपटांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. परंतु 1924 सालच्या त्यांच्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचे एक रंगीत भित्तिपत्रक टिकून राहिले आहे, आणि आपल्या देशातील सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रमय भित्तिपत्रकांत त्याची गणना होते. चार दिवस भिंतीवर राहावे आणि पावसात धुऊन जावे, एवढ्यासाठीच ते छापलेले होते.